लाइव्ह चकाचक, रेकॉर्डिंग मात्र धूसर

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून एका रात्री अडीचच्या सुमारास मोटारसायकल चोरीला गेली. सकाळी वॉचमनच्या केबिनमध्ये, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डीव्हीआरसमोर आम्ही सहा जण दाटीवाटीनं उभे. फूटेज सापडलं, वेळ सापडली, गाडी ढकलत नेणारा माणूसही सापडला. फक्त त्याला चेहरा नव्हता. डोक्याच्या जागी राखाडी चौकोनांचा पुंजका, आणि गेटपाशी थांबलेल्या त्याच्या साथीदाराच्या स्कूटरची नंबर प्लेट म्हणजे नुसती पांढरी पट्टी.

"अरे, पण लाइव्ह बघ ना, किती क्लिअर दिसतंय," चेअरमनकाका म्हणाले. खरंच दिसत होतं. गेटजवळच्या कुंडीतल्या तुळशीची पानं वेगवेगळी कळत होती. मग रेकॉर्डिंगलाच काय झालं?

कॅमेरेवाल्याला फोन लावला, तर त्यानं "टू एमपी आता जुना झाला, फाइव्ह एमपी टाका" म्हणून विषय संपवला. दोन-तीन संध्याकाळी डीव्हीआरच्या सेटिंग्ज उपसल्यावर माझं मत वेगळं झालं. कॅमेरा बिचारा बराचसा निर्दोष होता. तो चेहरा आम्हीच, कॅमेरे बसवले त्या दिवशी, सोडून दिला होता, आणि तोही दोनदा. एकदा "सगळं आवार दिसलं पाहिजे" म्हणताना, आणि एकदा "बॅकअप भरपूर दिवसांचा हवा" म्हणताना.

आधी आवाराचं बघू. आमचा कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, म्हणजे चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. हे ठिपके ठरलेले असतात, वाढत नाहीत. समोर एक दार असो की अख्खं मैदान, त्याच १९२० ठिपक्यांत ते बसवायचं. पोळीच्या एका गोळ्यातून फुलका लाटा नाहीतर ताटाएवढी पोळी लाटा. मोठी लाटली की पातळ होणार.

आपल्याकडे घरांना आणि सोसायट्यांना जे कॅमेरे सर्रास लावतात त्यांचं भिंग २.८ किंवा ३.६ मिलिमीटरचं असतं. २.८चं भिंग साधारण १०० अंशांचा पट्टा बघतं. पडद्यावर मस्त दिसतं, दोन्ही भिंती आणि मधली सगळी पार्किंग. पण हिशेब करून बघा. अशा भिंगातून १० मीटरवर जवळजवळ २४ मीटर रुंदीचा परिसर चित्रात येतो. १९२० ठिपके २४ मीटरवर वाटले, की एका मीटरला ८०. माणसाचा चेहरा असतो सुमारे १६ सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्याच्या वाट्याला आले तेरा ठिपके. तेरा ठिपक्यांत दोन डोळे, नाक, मिशी आणि ओळख, सगळं बसवायचं! दुचाकीची मागची प्लेट २०० बाय १०० मिलिमीटरची आणि तिच्यावर अक्षरांच्या दोन ओळी. तिला मिळतात आडवे सोळा ठिपके आणि उभे आठ, म्हणजे एका ओळीला चार ठिपक्यांची उंची. चार ठिपक्यांच्या उंचीत ८ आणि ३ वेगळे कसे दिसणार?

या विषयाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयईसी ६२६७६-४. त्याच्या २०१४च्या आवृत्तीत कामाप्रमाणे आकडे दिले आहेत. कुणीतरी आलंय एवढं कळायला मीटरला २५ ठिपके पुरतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ लागतात. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर २५०. म्हणजे आमच्या कॅमेऱ्यात, सगळं नीट चाललं असतं तरी, चेहरा मिळायला चोरानं कॅमेऱ्यापासून सव्वातीन मीटरच्या आत यायला हवं होतं. तो आला नाही.

हेच काम ६ मिलिमीटरच्या भिंगानं केलं तर? त्याचा पट्टा निम्म्यावर येतो, साधारण ५० अंश. साडेसात मीटरवर सातेक मीटरची रुंदी, आणि मीटरला २७० ठिपके. चेहरा मिळतो, आवार जातं. म्हणूनच जाणकार कॅमेरेवाला गेटला एक अरुंद नजरेचा कॅमेरा वेगळा लावायला सांगतो, आणि आपण "एकातच भागवा ना" म्हणतो.

तरी एवढ्यानं काकांच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. भिंग लाइव्हलाही तेच आणि रेकॉर्डिंगलाही तेच. मधल्या वाटेवर काहीतरी गळतं, आणि ते भिंगानं गमावलेल्यापेक्षा पुष्कळ जास्त असतं.

आमच्यासारख्या केबलवाल्या डीव्हीआरमध्ये कॅमेऱ्याचा सिग्नल आत आला की त्याला दोन वाटा फुटतात. एक थेट मॉनिटरवर जाते, हेच लाइव्ह. दुसरी हार्ड डिस्ककडे जाते, पण तिच्या तोंडाशी एक दाबयंत्र बसलेलं असतं. त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. ते असायलाच हवं. १०८०पीचं, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचं, चित्र जसंच्या तसं साठवलं तर एका चित्राला ६.२ एमबी लागतात. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे दीडशे एमबीच्या वर. आमची डिस्क २ टीबीची. एकाच कॅमेऱ्यानं ती साडेतीन तासांत भरली असती. प्रत्यक्षात तिच्यात आठ कॅमेऱ्यांचं तेवीस दिवसांचं फूटेज बसत होतं.

ही जादू कशी होते? सेटिंगमध्ये 'बिटरेट' नावाची एक ओळ असते. आमच्याकडे ती १०२४ केबीपीएसवर होती, म्हणजे सेकंदाला साधारण एक मेगाबिट. सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे दिवसाला १०.८ जीबी, हा आकडा लक्षात ठेवला की बाकीचे हिशेब तोंडी होतात. आठ कॅमेरे, दिवसाला ८६ जीबी, २ टीबीत तेवीस दिवस. बरोबर. आता तोच आकडा उलटा वाचा. एक मेगाबिट पंचवीस चित्रांत वाटला तर एका चित्राच्या वाट्याला येतात ५ केबी (आठ बिट म्हणजे एक बाइट). भरतीचे ऑनलाइन फॉर्म भरताना सहीचा फोटो २० केबीत बसवायला किती झटापट करावी लागते, हे घरात परीक्षार्थी असलेल्यांना विचारा. इथे सहीच्या चौथाई जागेत अख्खं पार्किंग बसवलं होतं.

दाबयंत्र हे करतं ते हुशारीनं करतं. त्याची पद्धत आपल्या ओळखीची आहे. जुन्या रजिस्टरमध्ये कारकून पहिल्या ओळीत पूर्ण पत्ता लिहायचा आणि खाली सगळीकडे 'वरीलप्रमाणे'. दाबायची एच.२६४ ही पद्धत असो की त्यानंतरची एच.२६५, दोन्ही हेच करतात. दर एक-दोन सेकंदांनी एक चित्र पूर्ण लिहायचं आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदललं तेवढं. भिंत? वरीलप्रमाणे. तुळस? वरीलप्रमाणे. उभ्या गाड्या? वरीलप्रमाणे. म्हणून रेकॉर्डिंगमध्येही भिंतीवरची 'येथे वाहन लावू नये' ही पाटी स्वच्छ वाचता येते आणि तिच्यासमोरून चाललेला माणूस मात्र धुरकट असतो. पाटी एकदाच लिहायची होती. माणूस प्रत्येक चित्रात नवा लिहावा लागतो, आणि शाई तर मोजून मिळालेली.

शाई संपत आली की यंत्र काय करतं? आकडे गोळाबेरीज करून टाकतं. चित्राचे छोटे चौकोन पाडलेले असतात, एच.२६४मध्ये ते १६ बाय १६ ठिपक्यांचे. प्रत्येक चौकोनात ढोबळ उजेड-अंधार किती आणि बारीक नक्षी किती, असा वेगवेगळा हिशेब मांडतात. ढोबळ गोष्टींचे आकडे मोठे, बारीक नक्षीचे छोटे. पैशांचा हिशेब दहाच्या पटीत पूर्ण करायचा ठरवला तर २४८ रुपयांचे २५० होतात, फारसं बिघडत नाही. पण ३ रुपये ४० पैशांचे होतात शून्य. भुवया, अक्षरांच्या कडा, शर्टावरच्या रेघा हे सगळे तीन रुपये चाळीस पैसे. ते शून्य झाले की चौकोनात एकच सपाट राखाडी रंग उरतो. चोराच्या डोक्याच्या जागी दिसलेला पुंजका तो हाच. रंगांची तर त्याआधीच काटकसर झालेली असते. चार शेजारी ठिपक्यांत मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात, म्हणून दूरच्या माणसाच्या शर्टाच्या रंगावर मी तरी पैज लावणार नाही.

हे कळल्यावर काही चमत्कारिक गोष्टींचा उलगडा होतो. आमच्या दोन नंबरच्या कॅमेऱ्यात कडुनिंबाची एक फांदी येते. वारा सुटला की तिचं पान न् पान हलतं, आणि यंत्राच्या दृष्टीनं प्रत्येक पान ही नवी बातमी. सगळी शाई कडुनिंबावर खर्च होते आणि खालून जाणारा माणूस आणखी पुसट. पावसाळ्यात तर कहरच. रात्रीच्या दिव्यात चमकणारी प्रत्येक सर 'बदल' म्हणून लिहावी लागते. जुलैतल्या रात्रीचं फूटेज जानेवारीतल्यापेक्षा वाईट का, याचं अर्धं उत्तर काचेवरच्या थेंबांत आहे आणि अर्धं इथे.

आमच्या डीव्हीआरमध्ये आणखी एक गंमत निघाली. खोक्यावर '१०८०पी' छापलेलं, पण रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये लिहिलं होतं '१०८०एन'. काही यंत्रांवर याला '१०८०पी लाइट' म्हणतात. तो एक 'एन' महाग पडतो. त्याचा अर्थ ९६० बाय १०८०, म्हणजे आडवे ठिपके निम्मेच साठवायचे आणि बघताना चित्र ताणून पुन्हा रुंद करायचं. दुचाकीच्या प्लेटचे ते सोळा ठिपके आठ झाले. स्वस्त डीव्हीआरमधल्या चिपला सगळ्या कॅमेऱ्यांचं पूर्ण चित्र सेकंदाला पंचवीस वेळा दाबणं झेपत नाही, म्हणून ही पळवाट. बऱ्याच यंत्रांत चित्रांची संख्या बारा-पंधरावर आणली की पूर्ण १०८०पीचा पर्याय आपोआप उघडतो. पार्किंगसाठी बारा चित्रं पुष्कळ झाली. पण नवीन यंत्र येतं ते पंचविसावर लावलेलं, आणि कुणी हात लावत नाही.

आता रात्र. चोर सहसा दुपारी येत नाहीत.

कॅमेऱ्याचं शटर म्हणजे उजेड आत घ्यायची खिडकी. दुपारी ती सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली तरी भागतं. रात्री तेवढ्यात काहीच आत येत नाही, म्हणून कॅमेरा ती जास्त वेळ उघडी ठेवतो, सहसा सेकंदाच्या पंचविसाव्या भागापर्यंत. तेवढ्या वेळात ताशी ३६ किलोमीटरनं आडवी जाणारी गाडी ४० सेंटिमीटर पुढे सरकते. दुचाकीची प्लेट २० सेंटिमीटरची. म्हणजे एकाच चित्रात प्लेट स्वतःच्या दुप्पट लांबीवर सारवली जाते. साधं चालणारा माणूसही पाचेक सेंटिमीटर सरकतो, चेहऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. हा धूसरपणा दाबयंत्राच्या आधीच चित्रात शिरलेला असतो, त्यामुळे बिटरेट कितीही वाढवा, तो जात नाही. शटर १/२५० किंवा १/५००वर बांधून ठेवता येतं, पण मग उजेडही दहावीस पट हवा. गेटवर एक चांगला दिवा लावणं हा मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय, आणि मीटिंगमध्ये सगळ्यात उशिरा मंजूर होणारा.

अंधार वाढला की कॅमेऱ्यातून 'टक्' असा बारीक आवाज येतो. आत उन्हाळी चष्म्यासारखी एक गाळणी असते, ती बाजूला सरकते, इन्फ्रारेड दिवे लागतात आणि चित्र काळं-पांढरं होतं. हे दिवे उपयोगाचे खरे, पण खोडकर. एप्रिल २०१९पासून नव्या वाहनांना जी हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली, तिचा पत्रा आलेला प्रकाश आल्या दिशेनं परत फेकतो. कॅमेऱ्याशेजारचाच दिवा, त्यामुळे सगळा झोत कॅमेऱ्यातच परत. प्लेट पांढरी फटक, अंक गायब. स्कूटरची ती पांढरी पट्टी अशी तयार झाली. कॅमेऱ्यासमोर कोळ्यानं जाळं विणलं किंवा कॅमेऱ्याच्या डोमच्या, म्हणजे घुमटाच्या, काचेवर धूळ बसली तर तीही अशीच उजळते आणि अख्ख्या चित्रावर धुकं पसरतं. आमच्या एका डोमवरची कंपनीची पारदर्शक फिल्म दोन वर्षं तशीच होती. कुणी काढलीच नव्हती.

शिवाय अंधारात चित्रात कण नाचायला लागतात, टीव्हीला पूर्वी मुंग्या यायच्या तसे. हे कण दर चित्रात बदलतात, म्हणजे पुन्हा शाईचा खर्च. ते घालवायला कॅमेरा मागच्या-पुढच्या चित्रांची सरासरी काढतो. स्थिर भिंतीला हे छान लागू पडतं. चालत्या माणसाची सरासरी काढली तर? त्याच्या मागे भुतासारखी सावली ओढली जाते. आणि म्हणूनच कॅमेरेवाल्याच्या त्या 'फाइव्ह एमपी'वर माझा फारसा भरवसा नाही. उजेड टिपणारा सेन्सर तेवढाच ठेवून त्यावर अडीचपट ठिपके कोरले, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला उजेड कमी येतो. दुपारी फायदा नक्की होईल. रात्री अडीचला, त्याच मंद दिव्यात आणि त्याच बिटरेटवर, तो कदाचित आणखी वाईट ठरेल.

फूटेज पाहून झाल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मग ते झूम करून क्लिअर करतात ना, सिनेमात दाखवतात तसं?" रेकॉर्ड झालेल्या चित्रावर झूम केल्यानं ठिपके मोठे होतात, नवे येत नाहीत. अनेक चित्रं एकावर एक ठेवून थोडं काही वसूल करता येतं, प्रयोगशाळा ते करतात, पण त्यासाठी मुळात थोडं तरी लिहिलेलं असावं लागतं. आता एआयचे ॲप धूसर चेहरा चकचकीत करून देतात खरे. तिथे एक उदाहरण ध्यानात ठेवावं. २०२०मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांच्या 'पल्स' नावाच्या अशाच प्रणालीला कुणीतरी बराक ओबामांचा ठिपकेदार केलेला फोटो दिला, आणि तिनं त्यातून एक गोरा माणूस काढून दिला. चेहरा अगदी रेखीव होता. यंत्र चेहरा शोधत नाही, त्या ठिपक्यांत बसेल असा एखादा चेहरा बनवतं. पोलिसांना असा चेहरा दिला तर निष्पाप माणूस गोत्यात यायचा.

पोलिसांना काय द्यावं, याचंही एक सांगून टाकतो. आमच्यातल्या एकानं मॉनिटरसमोर मोबाइल धरून शूटिंग केलं, ते व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये टाकलं, तिथून ते तीन ग्रुप फिरून परत माझ्याकडे आलं. आधीच दाबलेलं चित्र, त्यावर पडद्याच्या जाळीचे पट्टे, त्यावर व्हॉट्सॲपची दाबादाबी. शेवटी शेवटी मोटारसायकलसुद्धा ओळखू येईना. डीव्हीआरमध्ये 'बॅकअप' किंवा 'एक्स्पोर्ट' असतं, पेनड्राइव्ह लावून मूळ फाइल घ्यावी, आणि जमल्यास लगेच, कारण डिस्क भरली की यंत्र सगळ्यात जुनं पुसून त्यावर लिहितं. कोर्टात तीच चालते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

आता त्या दुसऱ्या हट्टाकडे, दिवसांकडे. दिवस जास्त हवेत ही मागणी चुकीची नाही. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२०च्या परमवीर सिंग सैनी प्रकरणातल्या निकालात पोलिस ठाण्यांमधलं रेकॉर्डिंग १८ महिने आणि कोणत्याही परिस्थितीत वर्षभर तरी ठेवायला सांगितलं, कारण कोठडीतल्या मारहाणीची तक्रार महिन्यांनी होऊ शकते. पण तिथे दिवस हवेत तर डिस्कही तेवढी मोठी घ्यावी लागते. सोसायट्यांमध्ये डिस्क तेवढीच ठेवून बिटरेट खाली ओढतात. तेवीस दिवस मिळतात. तेवीस दिवसांचं काहीही न दिसणारं फूटेज.

आम्ही शेवटी तडजोड केली. गेटच्या कॅमेऱ्याला ६ मिलिमीटरचं भिंग, रेकॉर्डिंग पूर्ण १०८०पी, सेकंदाला बारा चित्रं, बिटरेट चार मेगाबिट. म्हणजे त्याच्या एका चित्राला ५ ऐवजी ४० केबीच्या वर मिळू लागले. बाकीचे सात होते तिथेच. बॅकअप तेवीसवरून सतरा दिवसांपेक्षा थोडा कमी झाला. त्या सहा दिवसांवरून मीटिंगमध्ये पाऊण तास वाद झाला. गेटचा कॅमेरा खाली, आठ फुटांवर आणला, कारण तो आधी दुसऱ्या मजल्याच्या सज्जावर होता आणि तिथून सगळ्यांची टक्कलंच दिसत. एक एलईडी बसवला, आणि गतिरोधक बरोबर कॅमेऱ्याच्या टप्प्यात घेतला, म्हणजे गाड्या तिथे हळू होतात.

मग रात्री अकरा वाजता चाचणी घेतली. काकांनी हेल्मेट काढून स्कूटर आत आणली, मी लाइव्हकडे न बघता रेकॉर्डिंग उघडलं. चेहरा आला. प्लेटही आली, शेवटचा अंक जरा घासलेला, पण वाचता आला. काका खूश होऊन घरी गेले आणि दहाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"अरे, माझ्या मोबाइलवर अजून धूसरच दिसतंय!"

मोबाइलवर ॲप डेटा वाचवायला दुय्यम, बारकं चित्र मागवतं, अनेकदा ६४० बाय ३६० किंवा त्याहून लहान. मी म्हटलं, "काका, स्क्रीनवर कोपऱ्यात एसडी लिहिलंय का? त्यावर बोट लावा, एचडी येईल."